पोर्टेबल ड्राइव्ह: कोणता घेतलात, का घेतलात, कसा टिकला? (अनुभव धागा)

शुभदा_कलिना
लेक आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला आहे. लॅपटॉप ५१२ जीबीचा, तो आत्ताच भरत आलाय, म्हणून काल तिला घेऊन लॅमिंग्टन रोडला गेले. दुकानदार एकामागून एक खोकी उघडून दाखवत होता. हा एक टीबी, हा दोन टीबी, हा पाण्यानेही खराब होत नाही. ‘पाण्याने’ म्हणाला आणि माझं लक्षच उडालं.

२६ जुलै २००५. आम्ही तेव्हा तळमजल्यावर राहायचो. सांताक्रूझला त्या २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, घरात पाणी कमरेच्या वर. कॉम्प्युटरचा डबा टेबलाखाली जमिनीवर. भावाच्या लग्नाचे फोटो, बाबांनी टाइप करून ठेवलेल्या गावच्या आठवणी, सगळं त्या गढूळ पाण्यात गेलं. माळ्यावर दोन सीड्या होत्या, तेवढ्या वाचल्या. त्यामुळे निम्मं लग्न आहे, निम्मं नाही. बाबांचं लिखाण तर काहीच उरलं नाही, आणि आता बाबाही नाहीत.

काल काही न घेताच परत आलो. तुम्ही काय बघून घेतलात ते लिहा. फोनला जोडायला घेतला असेल तर तेही. कॉलेजची मुलं घरात असतील त्यांनी तर नक्की लिहा.

फोटोवाला_दादर
एसएसडी घ्या, म्हणजे पेन ड्राइव्हसारखा चिपवर साठवणारा ड्राइव्ह. लेक रोज लोकलने जाणार, बॅग दारात चेपली जाणार, तिथे हार्ड डिस्क नको. हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ५४०० वेळा फिरते आणि तिच्या अगदी जवळून, न टेकता, वाचणारं-लिहिणारं हेड फिरत असतं. चालू असताना धक्का बसला की संपलं. एसएसडीत फिरणारं काही नाहीच.

लग्नाचं शूट झालं की हॉलमध्येच, जेवायच्या आधी, कार्डं दोन एसएसडींवर उतरवतो. एक माझ्या बॅगेत, एक असिस्टंटच्या. तो हार्बरने जातो, मी वेस्टर्नने. दोन्ही घरी पोचल्याशिवाय कार्ड पुसत नाही.

जुन्या कामांसाठी मात्र घरी हार्ड डिस्कच. टीबीमागे ती बरीच स्वस्त पडते. आणि एसएसडी वर्षानुवर्षं वीज न मिळता कपाटात पडून राहिली तर तिच्यातला चार्ज हळूहळू उतरतो, डेटा जाऊ शकतो. रोजच्या वापराला एसएसडी, कपाटात ठेवायला हार्ड डिस्क, असं माझं आहे.

बाबांच्या लिखाणाचं वाचून वाईट वाटलं.

नीलिमा_डोंबिवली
शुभदाताई, लॅपटॉप मॅक आहे की विंडोज? आधी ते सांगा, मग बोलू. गाडीत आहे, नेट येतंय-जातंय.

शुभदा_कलिना
विंडोज. पण तिच्या ग्रुपमधल्या दोन मुलींकडे मॅक आहे, फाइली सारख्या इकडून तिकडे चालतात.

ओंकार_ऐरोली
मग ड्राइव्ह घरी आणल्या आणल्या एक्सफॅटमध्ये (ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवायची एक पद्धत) फॉरमॅट करा. विंडोजवाल्या ड्राइव्हवर बऱ्याचदा एनटीएफएस ही दुसरी पद्धत असते. ते मॅकवर वाचता येतं, पण त्यावर लिहिता येत नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री हे कळलं तर मुली रडतील. फॅट३२ सगळीकडे चालतं, पण एक फाइल ४ जीबीच्या वर जाऊ देत नाही, आणि आर्किटेक्चरच्या व्हिडिओ वॉकथ्रूची फाइल ती मर्यादा सहज ओलांडते. एक्सफॅट दोन्हीकडे चालतं, बहुतेक नव्या फोनवरही.

आता वेगाचं. खोक्यावरचे आकडे वाचताना लोक फसतात, कारण एकाच गोष्टीची नावं बदलत गेली. यूएसबी ३.०, मग ३.१ जेन १, मग ३.२ जेन १, तिन्ही एकच, ५ जीबीपीएस (सेकंदाला ५ गिगाबिट; ८ बिटांचा एक बाइट). जेन २ म्हणजे १०. जेन २ बाय २ म्हणजे २०, पण त्यासाठी लॅपटॉपचं पोर्टही तेच हवं, नाहीतर जास्तीचे पैसे वाया. बहुतेकांना १० वाली पुरते, सेकंदाला १००० एमबीच्या आसपास देते. साधी पोर्टेबल हार्ड डिस्क शंभर-सव्वाशेच्या आसपास.

आणि केबल! ड्राइव्हबरोबर आलेली केबल जपून ठेवा, तिच्यावर रंगीत टेप लावा. फोनच्या चार्जरची टाइप-सी केबल दिसायला सेम, पण आत बहुतेक वेळा यूएसबी २, म्हणजे ४८० एमबीपीएस (मेगाबिट). सेकंदाला हजार एमबी देणारी एसएसडी चाळीसने चालते आणि लोक म्हणतात ड्राइव्ह खराब निघाला.

विलेपार्ले_आजोबा
नमस्कार. माझा प्रश्न फोनचा आहे. गूगल फोटोजचं अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला बंद झालं, तेव्हापासून १५ जीबीत नातीचे फोटो मावेनात. मुलाने त्याची जुनी हार्ड डिस्क दिली. ती फोनला लावली की दिवा लागतो, आत टक टक होतं आणि बंद. लॅपटॉपला लावली तर व्यवस्थित चालते.

ओंकार_ऐरोली
आजोबा, डिस्क चांगली आहे, फोनची ताकद कमी पडतेय. तबकडी फिरायला सुरुवात होताना सर्वांत जास्त वीज लागते, बरेच फोन तेवढी देऊ शकत नाहीत. ती लॅपटॉपलाच ठेवा. फोनसाठी दोन तोंडांचा पेन ड्राइव्ह मिळतो, एका बाजूला टाइप-सी, दुसऱ्या बाजूला नेहमीचं यूएसबी. तो लगेच चालेल. तुमचा फोन वनप्लस किंवा ओप्पोचा असेल तर सेटिंगमध्ये ओटीजी (फोनला ड्राइव्ह जोडायची सोय) चालू करावं लागेल, आणि वापरलं नाही तर थोड्या वेळाने ते आपोआप बंद होतं. तेव्हा घाबरू नका.

विलेपार्ले_आजोबा
ओप्पोच आहे! शेजारच्या मुलाला बोलावून ओटीजी चालू करून घेतो. अनेक आशीर्वाद.

कुर्ल्याची_मीना
शुभदाताई, तुमचं वाचलं आणि हात थांबला. आम्ही कुर्ल्याला. त्या दिवशी अहो अंधेरीहून रात्रभर चालत आले, गळ्यापर्यंत पाणी, दोरीला धरून. फोटोंचे अल्बम गच्चीवर दोऱ्या बांधून वाळत घातले होते आठवडाभर, चिकटलेले सुटलेच नाहीत. ड्राइव्हचं मला कळत नाही, तुमच्याशी बोलावंसं वाटलं म्हणून लिहिलं.

शुभदा_कलिना
मीनाताई, आमच्या गच्चीवरही तेच होतं. तुमचे अहो सुखरूप आले हे मोठं.

नीलिमा_डोंबिवली
उतरले एकदाची. ओंकारने सांगितलं ते सगळं बरोबर. मी सीएच्या ऑफिसात आहे, माझा मुद्दा वेगळा. ड्राइव्हला पासवर्ड लावा. आमच्या एका आर्टिकलची (सीए होण्यासाठी ऑफिसात काम शिकणाऱ्याची) बॅग रिक्षात राहिली, आत क्लायंटांच्या रिटर्नचा ड्राइव्ह. सरांनी पहिल्या दिवसापासून बिटलॉकर (ड्राइव्ह पासवर्डने कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) लावायला लावलं होतं म्हणून ड्राइव्हच्या किमतीवर निभावलं, नाहीतर लोकांचे पॅन, आधार, बँकेचे तपशील कुणाच्या हातात गेले असते कोण जाणे. बिटलॉकर लावायला विंडोजची प्रो आवृत्ती लागते, होममध्ये लावता येत नाही. आणि मॅकवर तो ड्राइव्ह उघडणार नाही, तेव्हा मैत्रिणींबरोबर वापरायचा ड्राइव्ह वेगळा ठेवा. ‘रिकव्हरी की’, म्हणजे पासवर्ड विसरला तर ड्राइव्ह उघडणारा नंबर, कागदावर लिहून घरी ठेवा.

संदीप_बोरिवली
कोणी १६ टीबीचा एसएसडी हजार-दीड हजारात बघितला असेल तर हात लावू नका. वहिनींनी ऑनलाइन मागवला होता. लॅपटॉपमध्ये खरंच १६ टीबी दिसायचे. फोटो टाकले, नावं दिसतात, उघडायला गेलं की काहीच नाही. आत छोटंसं मेमरी कार्ड चिकटवलेलं निघालं. चिप लॅपटॉपला खोटा आकार सांगते आणि जागा संपली की जुन्यावरच नवीन लिहीत जाते. वहिनींच्या आईच्या साठीचे फोटो त्यात होते, नशिबाने फोनमध्येही होते.

नवीन ड्राइव्ह आणला की आधी एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवा. पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून बघतं. वेळ लागतो, रात्री लावून झोपा. मॅक किंवा लिनक्सवर एफ३ आहे.

कुर्ल्याची_मीना
माझ्या भाच्याचा एक टीबीचा आहे, त्यात ९३१ च दिसतात. तोही खोटा का?

संदीप_बोरिवली
नाही नाही, तो खरा. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने, म्हणून ९३१. निर्धास्त राहा.

शॉर्टफिल्म_वर्सोवा
आयफोनवाल्यांसाठी. १५ प्रोवर प्रोरेसमध्ये (एडिटिंगसाठीचा भारी दर्जाचा व्हिडिओ फॉरमॅट) शूट केलं की ४के चा एक मिनिट साधारण ६ जीबी. फोन बघता बघता भरतो. प्रोमध्ये थेट एसएसडीवर रेकॉर्ड होतं, पण खोक्यातली केबल यूएसबी २ ची आहे, १० जीबीपीएसची वेगळी घ्यावी लागते. साध्या १५ ला पोर्ट टाइप-सीच आहे पण वेग यूएसबी २ चाच. दुकानात हे कोणी आपणहून सांगत नाही. आम्ही जेट्टीवर शूट करतो, एसएसडी फोनच्या मागे क्लॅम्पमध्ये बसवतो. रबराचं आवरण असलेली घेतली, आयपी६५ लिहिलेली. म्हणजे धूळ आत जात नाही, पाण्याचा फवारा चालतो. बुडवलेली चालत नाही हं शुभदाताई, दुकानदार ‘पाण्याने खराब होत नाही’ म्हणाला ते तेवढ्यापुरतंच.

शुभदा_कलिना
हे बरं सांगितलंस. मी तेच विचारणार होते.

रिकव्हरीवाला_ठाणे
डेटा रिकव्हरीच्या कामात आहे म्हणून सांगतो. वॉरंटी डिस्कची असते, डेटाची नाही. डिस्क बंद पडली तर कंपनी नवीन, रिकामी डिस्क देते. आमच्याकडे लोक येतात तेव्हा त्यांना हे पहिल्यांदा कळतं, आणि त्यांचा चेहरा बघवत नाही. एक बाई मुलाचे फोटो घेऊन आल्या होत्या, मुलगा आता नाही. ते फोटो निघाले. सगळ्यांचे निघत नाहीत.

बऱ्याच पोर्टेबल हार्ड डिस्कमध्ये यूएसबीचा जोड थेट बोर्डवरच झाळलेला असतो. जोड हलला की डिस्क बाहेर काढून दुसऱ्या डब्यात घालता येत नाही, काम किचकट आणि महाग होतं. त्यामुळे केबल लावलेली असताना डिस्क बॅगेत कोंबू नका. आणि टक टक आवाज लॅपटॉपवरही यायला लागला तर पुन्हा पुन्हा लावून बघू नका, प्रत्येक वेळी तबकडीला ओरखडे जायची भीती असते.

मला विचाराल तर एक मोठा घेण्यापेक्षा त्याच पैशांत दोन लहान. एक लेकीजवळ, एक दुसऱ्या घरात. दुसऱ्या खोलीत नव्हे, दुसऱ्या घरात. पूर, चोरी, शॉर्टसर्किट, यातलं काहीही आलं तरी दोन्ही घरी एकाच दिवशी सहसा येत नाही.

फोटोवाला_दादर
+१. हे मनापासून.

माहेर_अलिबाग
आम्ही हेच करतो. लेकीच्या लग्नाचा सगळा डेटा माझ्याकडे, तिच्या सासरी आणि अलिबागला भावाकडे. गणपतीला जाते तेव्हा भावाचा ड्राइव्ह लॅपटॉपला लावून नवीन फोटो भरते. तीन गावांत पुरावा आहे, जावयांना आता सुटका नाही :)

शुभदा_कलिना
ठरलं. लेकीला एक टीबीची एसएसडी, एक्सफॅट. आणि तेवढीच हार्ड डिस्क माझ्या बहिणीकडे, ती मुलुंडला आठव्या मजल्यावर आहे. दर सुट्टीत लेकीने मावशीकडे जायचं, तिचं काम तिथे उतरवायचं. मावशी तर एका पायावर तयार आहे. शनिवारी परत लॅमिंग्टन रोडला जाणार.

संदीप_बोरिवली
शनिवारी चालेल, रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात. पक्कं बिल मागा, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. मीही येतो, मला केबल घ्यायचीच आहे. ग्रँट रोडला पूर्वेला भेटू, अकरा?

शुभदा_कलिना
अकरा. लेक पण येतेय.

विलेपार्ले_आजोबा
ओटीजी झालं. पेन ड्राइव्ह नातवाने आणून दिला, नातीचे फोटो जातायत. एक शंका. ओंकारने एक्सफॅट सांगितलंय, तर मुलाची ती हार्ड डिस्क पण एक्सफॅट करू का? तिच्यात त्याच्या लहानपणीच्या व्हिडिओ कॅसेटी भरून ठेवल्यात.

ओंकार_ऐरोली
आजोबा, थांबा! फॉरमॅट केलं की आतलं सगळं पुसलं जातं. आधी त्या कॅसेटी दुसरीकडे उतरवून, दोन-चार उघडून चालतायत का बघायच्या, मगच. मी रविवारी पार्ल्यात आत्याकडे येतोय, तुमच्याकडे येऊन करून देतो. तोवर डिस्कला हात लावू नका.