डिग्री असून काम येत नाही म्हणतात, नेमकं कमी काय पडतं?

मेक_तिसरंवर्ष:
मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मार्क बरे आहेत, पण सिनियर म्हणतात फ्रेशरला काहीच येत नाही असं इंटरव्ह्यूत तोंडावर सांगतात. कॅडचा कोर्स लावू, पायथन शिकू का ऑटोमेशन, काही सुचेना. इंडस्ट्रीतल्या लोकांनी खरं सांगा ना, अडतं कुठे?

क्यूसी_वाला:
कोर्सचं नंतर बघ मित्रा. मी क्वालिटीला आहे, फ्रेशर आला की पुढ्यात ड्रॉइंग ठेवतो, शाफ्ट २५ जी६, म्हणजे २५ मिमीचा दांडा आणि जी६ हा माप त्यापेक्षा किती कमी चालेल याचा कोड. टेबल बघून उणे ७ आणि उणे २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) ही लिमिट बरेच जण पटकन काढतात, परीक्षेला असतं ना ते. मग विचारतो हे मोजशील कशाने, की लगेच उत्तर व्हर्नियर! अरे त्या व्हर्नियरचा लीस्ट काउंटच, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिमी म्हणजे २० मायक्रॉन आणि तुझा अख्खा टॉलरन्स, म्हणजे दोन लिमिटमधला फरक, १३ चा, मग काय मोजणार त्याने? लीस्ट काउंट पाठ असतो बरं का, जर्नलमध्ये लिहिलेला असतो, पण या दोन गोष्टी एकत्र लावून बघायची वेळच कधी आलेली नसते.

जुना_कोड:
सॉफ्टवेअरमध्ये पण तेच. टर्बो सी++ वर लॅब केलेली मुलं येतात, तो कंपायलर सी++ च्या १९९८ च्या पहिल्या स्टँडर्डच्याही आधीचा. ते एकवेळ भरून निघतं, पण दुसऱ्याचा कोड वाचायची सवय नसते ते जड जातं. कॉलेजात प्रत्येक प्रोग्रॅम कोऱ्या फाइलपासून सुरू आणि आउटपुट आलं की संपला, इथे हजारो ओळींतला एक बग शोधायचा आणि बाकी काही न मोडता काढायचा.

मेंटेनन्स_ताई:
सगळं पोरांवर ढकलू नका हो. एका लेथभोवती अख्खी बॅच उभी, मशीनला हात लावतो एकच जण, बाकीचे रीडिंग उतरवून घेतात. आणि कंपन्यांना पहिल्या दिवसापासून तयार माणूस पाहिजे, ट्रेनिंगवर खर्च मात्र नको. माझ्या मते यात त्यांचा वाटा जास्त आहे.

मेक_तिसरंवर्ष:
ताई, आमच्याकडे अगदी असंच चालतं. क्यूसी दादा, लॅबच्या कपाटात मायक्रोमीटर आहे, सरांकडून मागून घेतो. तो चालेल का?

क्यूसी_वाला:
०.०१ मिमी लीस्ट काउंटवाला असेल तर नाही, ०.००१ वाला बघ. आधी झीरो चेक कर, २५ ची स्लिप गेज (अचूक मापाचा स्टीलचा ठोकळा) मोजून बघ, मग एकाच शाफ्टवर तीच जागा परत परत मोज आणि रीडिंग किती हलतं ते इथे टाक, पुढचं त्यावरून सांगतो.