हाडात पसरणारा कॅन्सर: चूक उंदराची की उंदीर निवडणाऱ्यांची?

पाणवठा (धागाकर्ता):
स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा कॅन्सर पसरला की बहुतेकदा हाडं गाठतो. हाडंच का, या प्रश्नाला पहिलं गंभीर उत्तर १८८९ मध्ये लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी दिलं. स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून ते म्हणाले की बी सगळीकडे पडतं, पण रुजतं मानवणाऱ्या मातीतच. माझी तक्रार अशी की आपण प्रयोगशाळेत मातीच चुकीची घेत आलोय.

१९८८ पासून रुळलेली पद्धत बघा. पाच-सहा आठवड्यांचा 'न्यूड' उंदीर घ्यायचा, म्हणजे ज्याच्यात टी-पेशी, प्रतिकारशक्तीच्या महत्त्वाच्या पेशी, नाहीत असा. भूल द्यायची आणि बरगड्यांमधून बारीक सुई हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात घालायची. सिरिंजच्या तोंडाशी लालभडक रक्त ठोक्यागणिक उसळलं की सुई जागेवर. मग लाखभर मानवी कॅन्सरपेशी सोडायच्या. तीन-चार आठवड्यांत गुडघ्याजवळचं हाड पोखरलेलं दिसतं.

यात किती गोष्टी गळल्या! पेशी मूळ गाठीतून सुटल्याच नाहीत. हाडात वर्षानुवर्षं निपचित पडून राहणं नाही. प्रतिकारशक्ती लंगडी. हाड वाढत्या वयातलं, आणि आजार मात्र पन्नाशी-साठीच्या बाईचा.

याची किंमत झोलेड्रॉनिक ॲसिड या हाडाची झीज रोखणाऱ्या औषधाच्या बाबतीत मोजली गेली. उंदरांत उत्तम गुण. पण स्तनाच्या कॅन्सरच्या 'अझ्यूर' चाचणीत ३,३६० रुग्ण घेऊनही २०११ च्या निकालात एकूणात फरक दिसला नाही. फायदा दिसला तो पाळी जाऊन पाच वर्षं उलटलेल्या स्त्रियांमध्ये. त्यानंतर, २०१४ मध्ये, इंग्लंडमधल्या शेफील्डच्या गटाने, पाळी गेल्यासारखी स्थिती यावी म्हणून अंडाशय काढलेल्या उंदरिणींवर तेच औषध वापरून दाखवलं. तिथे ते चाललं, अंडाशय शाबूत असलेल्यांत नाही. हा प्रयोग चाचणीच्या आधी व्हायला हवा होता. तरुण उंदरावरच्या निकालाच्या भरवशावर हजारो बायकांची चाचणी उभी करू नये, असं माझं ठाम मत आहे.

मुकं जनावर:
तुम्ही उंदीर बदला म्हणताय, मी थांबवा म्हणतो. अंडाशय काढायचं म्हणजे त्या जिवावर आणखी एक शस्त्रक्रिया, आणि वर हाड पोखरल्याच्या वेदना आहेतच. ॲट्रासेंटन या औषधाचं काय झालं? उंदरांत त्याने हाडातली वाढ रोखली होती. प्रोस्टेटच्या रुग्णांना डोसेटॅक्सेल या केमोथेरपीच्या औषधाच्या जोडीने दिलं, तेव्हा तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत आयुष्य वाढलं नाही. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये औषधमंजुरीसाठी प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती कायद्यातून काढली, भारतानेही २०२३ मध्ये नियमात पर्यायी पद्धतींना जागा दिली. खुबा बदलताना काढलेलं माणसाचं हाड मिळतं, त्यावर माणसाच्याच पेशी वाढवून बघा ना.

पिंजराघर:
प्राणीगृहात काम करतो, म्हणून दोघांशीही वाद घालतो.

पाणवठा, कोवळा उंदीर आळसापायी घेत नाहीत. त्याच्या गुडघ्याजवळच्या वाढपट्टीत हाडाची मोडतोड वेगाने चालू असते, त्यामुळे पेशी तिथे टिकतात. तुम्हाला मूळ गाठीपासून आपोआप पसरलेला कॅन्सर हवा असेल तर ४टी१ पेशी, म्हणजे उंदराच्याच स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी, वापरून बघा. हाडापर्यंत जाईतो फुप्फुसं भरतात आणि उंदीर दगावतो. हाडात पोचलेले मोजके मिळवायला कितीतरी जास्त जनावरं लागतात.

मुकं जनावर, ताटलीतल्या हाडात रक्त फिरत नाही, संप्रेरकं येत नाहीत. १९९७ मध्ये ऑस्टिओप्रोटेजेरिन हे प्रथिन सापडलं ते कसं? एक अनोळखी जनुक उंदरांत जास्तीचं घातलं आणि एक्स-रेमध्ये हाडं भलतीच दाट दिसली. हाड खाणाऱ्या पेशींचा लगाम हाती लागला तो असा. त्याच वाटेने पुढे डेनोसुमॅब हे हाडाची झीज रोखणारं औषध आलं, २०१० मध्ये मंजूर झालं. ताटलीत हे दिसलं नसतं.

शेवंती:
माझ्या आईच्या मणक्यात पसरलाय. तिला डेनोसुमॅबचं इंजेक्शन चालू आहे. कूस बदलताना कळवळायची, आता अंगणात बसून भाजी निवडते. मुकं जनावर, तुमचा कळवळा खरा आहे, पण 'थांबवा' म्हणताना आमच्यासारख्यांचाही विचार करा. आणि पाणवठा, अटी वाढवून पुढचं औषध लांबवू नका. असंही बरंच काही माणसांतच कळतं. या औषधांआधी दात तपासून घ्यायला सांगतात, कारण जबड्याचं हाड मरण्याचा धोका २००३ मध्ये रुग्णांतच पुढे आला.

पाणवठा:
शेवंतीताई, आईंना आराम पडतोय हे वाचून बरं वाटलं. पण डेनोसुमॅबचीच पुढची गोष्ट माझी बाजू मांडते. ते कॅन्सर पसरण्याआधीच दिलं तर पसरणं टळेल, या आशेवर 'डी-केअर' चाचणी झाली. २०२० मध्ये निकाल आला, टळलं नाही. उंदरात पेशी सोडल्या की लगेच, कधी आधीच, औषध सुरू होतं. बाईच्या हाडात पेशी कधी शिरल्या हे निदानाच्या दिवशी कुणाला ठाऊक असतं?
पिंजराघर, जनावरांच्या संख्येचा मुद्दा मान्य. पण शेफील्डने बारा आठवड्यांच्या उंदरिणी वापरल्या. वर्षभर पोसायची गरज नव्हती.

पिंजराघर:
तेवढं मान्य. पण ती नक्कल फक्त इस्ट्रोजेन गेल्याची आहे, वयाची नाही. म्हातारी अस्थिमज्जा त्यात येत नाही.

मुकं जनावर:
माझं मत बदललेलं नाही. पण बंद होईपर्यंत तरी एक सांगा. कॅन्सरपेशींत काजव्याचं जनुक घालता, त्या चमकल्या की कॅमेऱ्यात दिसतात. मग उंदीर मागचा पाय ओढेपर्यंत थांबता कशाला? आणि वेदनाशामक देता का?

पिंजराघर:
ब्युप्रेनॉर्फिन देता येतं. आयब्युप्रोफेनच्या जातीची औषधं टाळतात, ती हाडावरच परिणाम करतात. औषधाने पेशी रुजणं थांबतं का, एवढंच बघायचं असेल तर चमक दिसताच प्रयोग संपवता येतो, आणि तसं न करणाऱ्याला प्राण्यांवरच्या प्रयोगांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीने जाब विचारलाच पाहिजे. हाड मोडणं टळतं का हे बघायचं असेल तर मात्र थांबावं लागतं. तिथे मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही.