ऑफर आली, पण एचआर म्हणते आधी राजीनामा दाखवा. मग राजीनामा टाकायचा कधी?

पाइपवाला_जळगाव

नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीत पीव्हीसी पाइपच्या कंपनीत क्वालिटीला आहे, डिप्लोमा मेकॅनिकल, एप्रिल 2022 च्या शेवटी लागलो तेव्हापासून इथेच. चाकणच्या एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत इंटरव्ह्यू दिला होता, दोन्ही राऊंड झाले आणि काल एचआर मॅडमचा फोन आला की सिलेक्शन झालंय, हातात 34 हजार. इथे 23 मिळतात. घरी आई लगेच पेढ्यांचं बोलायला लागली.

पण संध्याकाळी मेल आला त्यात लिहिलंय की सध्याच्या कंपनीत राजीनामा द्या, तो ॲक्सेप्ट झाल्याचा मेल तीन दिवसात पाठवा, मग अपॉइंटमेंट लेटर देऊ. मेलमध्ये पगाराचा आकडा नाही, जॉइनिंगची तारीख नाही, मेडिकल पण अजून व्हायचंय. मी विचारलं तर म्हणे आमची प्रोसेसच अशी आहे सर.

इकडे नोटीस दोन महिन्याची आहे, तिकडे ते म्हणतात 30 दिवसात या, फार तर 45. दिवाळीचा बोनस आहे. ग्रॅच्युइटीला (नोकरी सोडताना एकरकमी मिळतात ते पैसे) पाच वर्षं व्हायला थोडेच महिने बाकी आहेत ते वेगळंच डोक्यात. आणि सगळ्यात अवघड म्हणजे आमचे मालक यावलकडचेच, नोकरी लागली तेव्हा पप्पा स्वतः त्यांना भेटायला गेले होते, त्यामुळे राजीनामा टाकून परत घ्यायची वेळ आली तर तोंड दाखवायला जागा नाही. आणि हो, डिप्लोमाच्या ओरिजिनल मार्कशीट ऑफिसात जमा आहेत, लागलो तेव्हा घेतल्या त्या तिथेच. काय करू सांगा.

आसोदा_भरीत

कागद हातमा येत नही तवलोंग राजीनामाना नाव काढू नको भो. बाकी बठ्ठं नंतर.

दीपनगर_शिफ्ट

वरच्या भाऊने एका ओळीत सांगितलं ते बरोबरच आहे पण थोडं सविस्तर सांगतो कारण आमच्या घरात हे घडून गेलंय. माझा चुलतभाऊ नाशिकला एका कंपनीत होता, रांजणगावची ऑफर आली, तोंडी सगळं पक्कं, यानं जोशात राजीनामा टाकला आणि हॉटेलात मित्रांना शेवभाजीची पार्टी पण दिली. मग मेडिकलला गेला तर रंग ओळखायच्या टेस्टमध्ये अडकला. त्याला आयुष्यात माहीत नव्हतं की आपल्याला लाल-हिरव्याचा प्रॉब्लेम आहे. त्या कंपनीत वायरिंगचं काम, त्यांनी सरळ नाही म्हणून सांगितलं आणि कागदावर त्यांचं काही चुकलेलंही नव्हतं, कारण ऑफर लेटरात एक ओळ असतेच की मेडिकल आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन ठीक निघालं तरच ही ऑफर लागू. जुन्या ठिकाणी तोवर दुसरा माणूस घेतलेला. पाच-सहा महिने गावी केळीच्या बागेत पाणी भरत होता.

म्हणून माझं म्हणणं, नुसतं लेटर आलं म्हणजे झालं असंही धरू नको. लेटर, त्यात पगाराची फोड म्हणजे बेसिक किती, हातात किती, वर्षाला एकदा मिळणारं किती, पोस्ट, जागा, जॉइनिंगची तारीख, आणि मेडिकल फिट. एवढं झालं की मग. '34 हातात' हे फोनवर सगळेच म्हणतात, नंतर कळतं त्यात ओव्हरटाइम आणि अटेंडन्स अलाउन्स धरलेला होता.

मार्कशीट मात्र आधी काढ. राजीनाम्यानंतर त्या मागायला गेलास की कपाटाची चावी सापडत नाही, क्लार्क रजेवर असतो, सगळं होतं. बँकेत लोनला लागताहेत म्हणून सांग.

धुळेकर_चाकणात

मी स्वतः चाकणला एचआरमध्ये आहे (तुझ्या त्या कंपनीत नाही), मूळ धुळ्याचा. आमची बाजू पण ऐकून घे, मग ठरव.

आम्ही राजीनाम्याचा पुरावा का मागतो? कारण दहाला ऑफर दिली तर त्यातले बरेच जॉइन होतच नाहीत. आमचं लेटर घेऊन आपल्या साहेबाला दाखवतात, तिथे दोन-तीन हजार वाढवून घेतात आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद. लाइनवर माणूस नसला की शिव्या एचआरला. म्हणून हा नियम आला. त्यात तुला फसवायचा डाव असेलच असं नाही.

पण मॅडमनी क्रम उलटा लावलाय हे खरं. आमच्याकडे आधी ऑफर लेटर जातं, अटी घातलेलं का असेना पण पगार आणि तारीख लिहिलेलं, ते उमेदवार सही करून पाठवतो, मग राजीनाम्याची कॉपी मागतो, आणि अपॉइंटमेंट लेटर जॉइनिंगच्या दिवशी. ऑफर लेटर वेगळं, अपॉइंटमेंट लेटर वेगळं. तू भांडू नको, फक्त शांतपणे मेल कर की मॅडम मला जॉइन व्हायचंच आहे, ऑफर लेटर आणि पगाराची फोड पाठवा आणि मेडिकल या आठवड्यात लावून द्या, रिपोर्ट आला की दुसऱ्या दिवशी राजीनामा टाकून कॉपी पाठवतो. हे लेखीच माग, फोनवर नको. खरी कंपनी असेल तर एवढ्यावरून कोणी ऑफर काढून घेत नाही, तीन दिवसाचे आठ होतात. आणि एवढं मागूनही टाळाटाळ केली तर समज की ती जागा अजून वरून मंजूरच नाहीये आणि तुला नुसतं धरून ठेवलंय.

मेल कोणत्या आयडीवरून आलाय तेही बघ. कंपनीच्या नावाचा आयडी आहे का साधा जीमेल? कन्सल्टन्सीवाला मधे असेल तर त्याच्या शब्दावर अजिबात राजीनामा टाकायचा नाही, कंपनीचं थेट पाहिजे. मेडिकलचे, गणवेशाचे, डिपॉझिटचे पैसे मागितले तर तिथेच सोडून दे.

बाकी मार्कशीटसाठी लोनची थाप मारायला सांगताहेत दादा, ते मला नाही पटलं. कंपनीला ओरिजिनल ठेवायचा काही अधिकार नाही, झेरॉक्स ठेवा म्हणावं आणि सरळ मागून घे.

दीपनगर_शिफ्ट

@धुळेकर_चाकणात अधिकार नाही हे चाकणात बसून म्हणायला सोपं आहे भाऊ. इथे छोट्या कंपनीत 'ओरिजिनल द्या' म्हटलं की मालकाला त्याच दिवशी कळतं पोरगा चालला.

तापीकाठचा

सगळे कागद कागद करून राहिले पण पोराने मालकाची गोष्ट लिहिली तिकडे कोणी बघून नाही राहिलं. जळगाव आहे हे, इथे एमआयडीसीत सगळे एकमेकाला ओळखतात, रेझिनच्या गाडीवाल्यापासून टेस्टिंग लॅबवाल्यापर्यंत. तू इंटरव्ह्यूला गेला होता हे मालकाला दुसऱ्याकडून कळलं तर ते जास्त वाईट. माझं मत, लेटरची वाट न बघता मालकाकडे जाऊन बस आणि सांग की शेठ असं असं आहे, चाकणचं चालू आहे, पक्कं झालं तर जाईन. माणसं समजून घेतात. मी पण असाच सांगून निघालो होतो, आजही दुकानात गेलो तर चहा पाजतात.

आसोदा_भरीत

@तापीकाठचा आप्पा तुमचा काळ वेगळा. आता सांगितलं आणि तिकडचं नाही झालं तर पुढची इन्क्रिमेंट गेली, आणि सीझनला माणूस कमी करायची वेळ आली की पहिलं नाव याचंच.

पाइपवाला_जळगाव

आप्पा तुमचं बरोबर आहे पण भरीतभाऊ म्हणतात तीच भीती आहे, मागच्या वर्षी एकाने असंच आधी सांगितलं तर त्याला सरळ नाइटला टाकलं. मेल आयडी कंपनीचाच आहे, कन्सल्टन्सी नाही. धुळेकर भाऊ तुम्ही सांगितला तसा मेल टाकतो आज. ग्रॅच्युइटीचं कोणी सांगेल का, बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) धरून 16 हजार आहे. लोक म्हणतात चार वर्षं आठ महिन्यातही मिळते.

भुसावळ_हिशोब

पीएफ-बोनसची कामं बघतो म्हणून लिहितो. हिशोब असा की 16 हजाराला 26 ने भागायचं, 15 ने गुणायचं, येतात साधारण 9,230, आणि हे दर वर्षाचे, म्हणजे पाच वर्षांचे 46 हजाराच्या आसपास. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांच्या वर झाले की ते पूर्ण वर्ष धरतात, पण हे सगळं पात्र ठरलास तरच. पात्रतेला सलग पाच वर्षं लागतात. मद्रास हायकोर्टाने चार वर्षं 240 दिवस चालतील असं म्हटलेलं आहे, त्यावरूनच ते 'आठ महिने' बोललं जातं, पण प्रत्येक कंपनी ते आपण होऊन मानते असं नाही, काही ठिकाणी भांडावं लागतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन लेबर कोड आले म्हणून काही जण म्हणतात आता एकाच वर्षात मिळते. ते फिक्स्ड टर्मवाल्यांना, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर असतात त्यांना. तू कायम असशील तर तुला पाच वर्षंच.

तुझं ते चार वर्षं 240 दिवसांचं गणित डिसेंबरात जातं आणि चाकणवाले नोव्हेंबरच्या पुढे थांबायचे नाहीत. महिन्याला 11 हजार जास्त मिळताहेत, त्यातून चाकणला कॉट बेसिसवर राहण्या-खाण्याचं वजा कर, तरी वर्ष-दीड वर्षात ते 46 हजार भरून निघतात. भांडून मिळेल की नाही अशा पैशासाठी मी ऑफर सोडली नसती. तुझं पाच वर्षांना दहा-पंधरा दिवस कमी असते तर सांगितलं असतं की काहीही करून ओढ.

बोनसचं मात्र घाबरू नको. दिवाळीला मिळतो तो मागच्या एप्रिल ते मार्चचा असतो, आणि त्या वर्षात 30 दिवस जरी काम केलं असेल आणि पगाराच्या मर्यादेत बसत असशील तर किमान 8.33 टक्के हक्काचा आहे, तू राजीनामा दिलेला असो की नसो. वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत द्यायचा असतो, म्हणजे नोव्हेंबर अखेर. त्याच्या वर मालक खुशीने जे देतात, मिठाई-पाकीट वगैरे, ते मात्र राजीनामा टाकलेल्याला देतीलच असं नाही, ते धरू नको.

आता नोटीस. तुझ्या अपॉइंटमेंट लेटरात काय लिहिलंय ते शब्द न शब्द वाच. दिवस कमी पडले तर पैसे कापतात ते काही ठिकाणी बेसिकवर, काही ठिकाणी पूर्ण पगारावर, तिथे बराच फरक पडतो. शिल्लक पीएल (हक्काच्या पगारी रजा) नोटिशीत धरतात का विचार. राजीनामा मेलवर टाक, त्यात शेवटच्या दिवसाची तारीख लिही, आणि स्वतःच्या पर्सनल मेलवर कॉपी ठेव. कंपनीचा मेल आयडी शेवटच्या दिवशी बंद होतो आणि मग दाखवायला काही उरत नाही. व्हॉट्सॲपवर 'सर मी सोडतोय' हे राजीनाम्यात धरू नका रे पोरांनो, रोज बघतो.

आणि रिलिव्हिंग लेटर (कामातून मोकळं केल्याचं पत्र) घेतल्याशिवाय गायब व्हायचं नाही. पीएफच्या सर्व्हिस हिस्ट्रीत दोन्हीकडच्या तारखा दिसतात, एकात एक घुसल्या तर नवीन कंपनीचे व्हेरिफिकेशनवाले विचारतात. यूएएन (पीएफचा नंबर) तोच द्यायचा, नवीन काढू द्यायचा नाही, आणि पैसे काढायचे नाहीत, ट्रान्सफर करायचे. जुन्या कंपनीने बाहेर पडल्याची तारीख टाकलीच नाही तर शेवटचा भरणा झाल्यावर दोन महिन्यांनी आधार ओटीपीने तुलाही टाकता येते. फुल अँड फायनल, म्हणजे शेवटच्या हिशोबाचे पैसे, नवीन कोडप्रमाणे दोन कामाच्या दिवसात द्यायचं आहे. लिहिलेलं आहे असं. महिनाभर तरी वाट बघायची तयारी ठेव.

पाइपवाला_जळगाव

अपडेट. मेल टाकला तसा दोन दिवस काहीच उत्तर नाही, माझी झोप उडाली होती, वाटलं गेली ऑफर. आज दुपारी ऑफर लेटर आलं, कंपनीच्या लेटरहेडवर. हातात 32,800 आहे, बाकी अटेंडन्सचे धरून 34 होतात, म्हणजे दीपनगर दादा म्हणाले तसंच निघालं. जॉइनिंग 16 नोव्हेंबर म्हणजे दिवाळी घरी होते. मेडिकल शनिवारी चाकणलाच आहे, शुक्रवारी रात्रीच्या स्लीपरने निघतो. मार्कशीट पण मिळाल्या, काही थाप वगैरे मारली नाही, ऑफिसमधल्या ताईंना म्हटलं ओरिजिनल घरी ठेवायच्या आहेत, त्यांनी झेरॉक्स ठेवून दिल्या आणि एक शब्द विचारला नाही. उगाच घाबरलो.

आता सोमवारी सकाळी राजीनामा टाकतो. पप्पा म्हणताहेत मी पण येतो मालकांना भेटायला, लागताना आलो होतो तर निघतानाही यायला पाहिजे.

तापीकाठचा

आणच पप्पांना.

धुळेकर_चाकणात

पप्पांना अजिबात नको नेऊ. आधी तू एकटा जा, साहेबाला आणि मालकाला तोंडाने सांग, त्याच दुपारी मेल टाक. पप्पांना शेवटच्या आठवड्यात पेढे घेऊन ने. आधी नेलं तर मालक तुझ्याशी बोलायचेच नाहीत, पप्पांना म्हणतील पोराला समजवा, दोन हजार वाढवतो, आणि तिथे तुला नाही म्हणता येणार नाही.

आणि सोमवार कसा धरला? शनिवारी मेडिकल म्हणजे रक्ताचे आणि एक्स-रेचे रिपोर्ट सोमवार-मंगळवारी येतात. एचआरचा 'फिट' चा मेल आल्यावरच.

पाइपवाला_जळगाव

हो ते डोक्यातच नाही आलं. मग बुधवार धरतो. पप्पांना काय सांगायचं ते बघतो.