अनुभव धागा: मुलाच्या मूल्यमापनाआधी माहिती कशी जमवली?

बालविकासतज्ज्ञांकडे मुलाच्या विकासाचे मूल्यमापन ठरले की गर्भारपणापासूनचा सारा इतिहास विचारला जातो आणि ऐनवेळी निम्म्या गोष्टी आठवत नाहीत. आपण ही माहिती कशी जमवली, त्यातले काय उपयोगी पडले आणि काय निव्वळ ओझे ठरले, ते येथे लिहावे. मुलाचे नाव कृपया टाळावे.

एक आई, पुणे
मुलगा अडीच वर्षांचा असताना स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) शंकेने आम्ही मूल्यमापन करून घेतले. ‘हट्टी आहे’, ‘लक्ष देत नाही’ अशा शेऱ्यांवरून डॉक्टरांना फारसे काही कळत नाही, म्हणून मी वहीत तारखेसह प्रसंग लिहीत गेले. नावाने हाक मारली तर वळत नाही, पण बिस्किटाचा पुडा फोडला की आतल्या खोलीतून धावत येतो. हवी ती वस्तू बोटाने न दाखवता माझा हात धरून तिथवर नेतो. हे वाचूनही डॉक्टरांनी श्रवणचाचणी करायला सांगितलीच, कारण काही आवाजांना प्रतिसाद मिळतो एवढ्यावरून ऐकू नीट येते असे धरून चालत नाही. पहिले पाऊल कधी टाकले याचे उत्तर मोबाईलमधल्या फोटोंच्या तारखांवरून मिळाले. ‘याचा बाबाही उशिराच बोलला’ असे म्हणून घरात विषय मिटवला जाई. तेही मी लिहून नेले, कारण कुटुंबाचा इतिहास विचारला जातोच.

एक वडील, सोलापूर
मुलगी 32व्या आठवड्यात जन्मली. प्रसूतीनंतरचे डिस्चार्ज कार्ड हाच आमच्याकडचा सर्वांत मोलाचा कागद ठरला: जन्मवजन, जन्मतःच रडली की नाही, कावीळ, काचेच्या पेटीतले दिवस, सारे त्यात होते. दहा महिन्यांची असताना ती आठ महिन्यांची धरूनच तिची प्रगती पाहिली गेली, कारण अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय साधारण दोन वर्षांपर्यंत, ते जितके आठवडे लवकर जन्मले तेवढे वजा करून मोजतात. नातेवाइकांच्या तुलना त्यामुळे परस्पर बंद झाल्या, हे वेगळेच.

एक आई, लंडन
घरी मराठी आणि पाळणाघरात इंग्रजी असल्यामुळे मुलगी बोलते ते दोन्ही भाषांतले शब्द मी एकाच यादीत लिहिले. केवळ इंग्रजी शब्द मोजले असते तर ती आहे त्याहून मागे दिसली असती.

शिक्षिका आणि पालक, ठाणे
अध्ययन अक्षमतेच्या (वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणाऱ्या विशिष्ट अडचणींच्या) तपासणीसाठी अनेक पालक मुलाची सर्वांत नीटनेटकी वही आणतात. माझे मत नेमके उलट आहे. फळ्यावरून अर्धवट उतरवलेला मजकूर, काना-वेलांट्या गळालेले श्रुतलेखन आणि वर्गात सोडवलेली उत्तरपत्रिका न्यावी. घरी कोणी पुसून दुरुस्त करून दिलेले पान त्यात नसावे. तोंडी उत्तरे बरोबर देणारे मूल लेखी परीक्षेत कुठे अडते, हे वर्गशिक्षकांकडून स्वतंत्रपणे लिहून घ्यावे. डोळ्यांच्या आणि कानांच्या तपासणीचे अहवाल सोबत असले तर तेवढ्यासाठी दुसरी फेरी पडत नाही.