उपचार चालू असताना लांब धावण्याची उमेद कशी टिकवावी?

पहाटवारा : माझे वय ५४ आहे. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन पूर्ण झाले असून सध्या लेट्रोझोलची (शरीरातील इस्ट्रोजेन कमी करणारी) गोळी रोज चालू आहे. आजारापूर्वी मी अर्धमॅरेथॉन धावत असे. धावण्यास डॉक्टरांची हरकत नाही. परंतु सकाळी सांधे आखडलेले असतात, आणि घड्याळातील जुन्या वेळा पाहिल्या की बूट घालण्याचीही इच्छा उरत नाही. अशा स्थितीत पुन्हा २१ किलोमीटरचे ध्येय ठेवणाऱ्यांनी उमेद कोठून आणली?

संथगती : मला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया (रक्ताचा एक कर्करोग) आहे व त्यावरील इमॅटिनिब ही गोळी कायम चालू आहे, त्यामुळे ‘उपचार संपल्यावर धावू’ असे म्हणण्याची सोय मला नाही. इच्छा होण्याची वाट पाहणे मी सोडून दिले आहे. शेजारचे एक काका ठरलेल्या वेळी फाटकापाशी उभे असतात, त्यांना ताटकळत ठेवणे बरे दिसत नाही म्हणून मी खाली उतरतो. दहा मिनिटांनंतरही अंग जड वाटले, तर दोघे चालत परततो. ताई, जुन्या वेळांची नोंद बंद करून आजारानंतरची नवी वही सुरू करा.

दूरचा_पल्ला : या विषयात कॅनडाच्या टेरी फॉक्सचे नाव हमखास निघते. हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ मध्ये त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याने कृत्रिम पायाने न्यूयॉर्क मॅरेथॉन धावलेल्या डिक ट्रॉम यांच्याविषयी वाचले आणि पुढे दीर्घ सराव करून, संशोधनासाठी निधी जमवण्याकरिता, १२ एप्रिल १९८० रोजी कॅनडाच्या पूर्व टोकावरील सेंट जॉन्सहून तो निघाला. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन या हिशेबाने १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर कापल्यावर, रोग फुप्फुसांत पसरल्यामुळे त्याला थंडर बे शहराजवळ थांबावे लागले. त्याचे रोजचे अंतर कोणत्याही रुग्णाने आदर्श मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घेण्यासारखे एवढेच, की त्याला स्वतःची वेळ सुधारायची नव्हती, आणि त्याच्या स्मरणार्थ होणाऱ्या दौडीतही शर्यत नसते.

व्यायामोपचार : मी फिजिओथेरपिस्ट आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील ‘चॅलेंज’ चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत केमोथेरपीनंतर तीन वर्षे नियोजित व्यायाम करणाऱ्या गटात आठ वर्षांनंतर ९०.३ टक्के, तर केवळ माहितीपुस्तिका मिळालेल्या गटात ८३.२ टक्के रुग्ण हयात होते. हे आकडे स्तनाच्या कर्करोगाला जसेच्या तसे लावू नयेत. मात्र व्यायाम करणाऱ्यांना नियमित भेटणारा मार्गदर्शक होता, हे या चर्चेत महत्त्वाचे वाटते, कारण एकट्याच्या निश्चयावर तेथेही काही सोडले नव्हते. लेट्रोझोलने हाडे विरळ होऊ शकतात, म्हणून अंतर वाढवण्यापूर्वी डेक्सा तपासणी (हाडांची घनता मोजणारी), आणि हृदयावर परिणाम करणारी औषधे मिळाली असल्यास टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), यांबद्दल डॉक्टरांना विचारावे. सांध्यांसाठी धावण्याआधी पुरेसे चालून घ्यावे आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम करावेत.

पहाटवारा : सर्वांची आभारी आहे. डेक्सा तपासणी राहून गेली होती, ती आता करून घेते. सकाळऐवजी संध्याकाळी धावल्याने लेट्रोझोल घेणाऱ्या कोणाला सांध्यांचा त्रास कमी जाणवला असल्यास कृपया लिहावे. आमच्या सोसायटीतील एक मैत्रीण त्या वेळी सोबत यायला तयार आहे.