मुलाच्या गल्ल्यातले पैसे मी काढले, आता तो साठवायलाच तयार नाही

बार्शीची आई
मुलगा सहावीत, अकरा वर्षांचा. धाकटी सहा वर्षांची. मिस्टर टेम्पो चालवतात, भाड्याचे पैसे कधी आज तर कधी पंधरा दिवसांनी. गेल्या महिन्यात गॅस संपला आणि घरात दोनशे रुपये होते. मुलगा शाळेत गेल्यावर मी त्याचा मातीचा गल्ला उलटा धरला आणि फटीत सुरीचं पातं घालून एकेक नोट ओढून काढली. ८६० रुपये. भाड्याचे पैसे आले की परत टाकीन, असं मनात होतं.

संध्याकाळी त्यानं गल्ला कानाशी धरून हलवला. आवाजावरूनच त्याला कळलं. रडला नाही, भांडला नाही. पण तेव्हापासून मामानं, आजोबांनी दिलेले दहा-वीस रुपये तो त्याच दिवशी दुकानात संपवतो. "ठेवले तर तू घेशील," म्हणतो. खातं काढून दिलं तर सवय परत लागेल का? मुलीसाठीही काही सुरू करायचंय, पण मोठी रक्कम झेपणार नाही.

टपालखात्यातला निवृत्त
ताई, दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला पोस्टात स्वतःच्या नावावर खातं काढता येतं, सही त्याचीच. सुरुवातीला ५०० रुपये लागतात. आवर्ती ठेव, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची, महिना १०० पासून आहे, मुदत पाच वर्षं. सध्याच्या ६.७ टक्क्यांनी भरलेल्या सहा हजारांचे सात हजारांच्या वर होतात. मुलीसाठी सुकन्या समृद्धी. २०१५ साली सुरू झालेली ही योजना दहा वर्षांच्या आतल्या मुलींसाठी आहे, म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे. वर्षाला २५० रुपये भरले तरी खातं चालू राहतं. पंधरा वर्षं भरायचं, खात्याला एकवीस वर्षं झाली की पैसे मिळतात. शिक्षणासाठी अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर किंवा दहावी झाल्यावर निम्म्यापर्यंत काढता येतात. काउंटरवर भरणा मुलालाच करू द्या.

गटाची सचिव
खातं जरूर काढा, पण त्याआधी तुम्ही त्याला जे देणं लागता ते वहीवर घ्या. मी अकरा वर्षं बचत गटाचं दप्तर लिहिते. आमच्यात कुणी कर्ज घेतलं की बैठकीत सगळ्यांसमोर नाव, रक्कम, कारण आणि हप्ता मोठ्यानं वाचतो, मग घेणारी सही करते. अध्यक्षांनाही सूट नाही. वही सगळ्यांसमोर उघडी असते, म्हणून तर बायका महिन्याचे शंभर रुपये निर्धास्त ठेवून जातात.

तसंच घरी करा. दोनशे पानी वही आणा. पहिल्या पानावर तुमच्या हातानं लिहा: आईने घेतले ८६०, गॅससाठी, न विचारता. हे शेवटचे दोन शब्द गाळू नका. खाली सही. हप्ता किती ते त्याला ठरवू द्या. आमच्या गटात शेकडा दोन व्याज आहे. त्यानं मागितलं तर तेही द्या. आणि पुढच्या वेळी गरज पडली तर त्याच्याकडे मागा. त्याला नाही म्हणता आलं पाहिजे.

पिग्मीवाला
माझ्या आईनं एका पतसंस्थेच्या पिग्मीत, म्हणजे रोजच्या बचतीच्या ठेवीत, रोज वीस रुपये भरले. ती पतसंस्था बुडाली, अजून निम्मे अडकलेत. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही. एजंट दारात येतो म्हणून लहान मुलाचे पैसे तिथे देऊ नका.

बार्शीची आई
सचिवताई, रविवारी वही आणली. "न विचारता" लिहिताना माझा हात थांबला, तो शेजारीच उभा होता. त्यानं हप्ता आठवड्याला पन्नास ठरवला, व्याज नको म्हणाला. पहिले पन्नास मी दिले, त्यानं मोजून घेतले आणि खाली स्वतः लिहिलं: बाकी ८१०. वही त्याच्या दप्तरात असते. शनिवारी दोघांना घेऊन पोस्टात जाणार आहे.