घरं तीस हजार, मग वर्ग किती?
(चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

मिलचा भोंगा
सोलापूरजवळच्या कुंभारीचं रे नगर आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. असंघटित कामगारांची ३० हजार घरं, त्यातल्या १५ हजारांचं लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झालं. विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरचे कामगार, कचरा वेचणारे. कधीही त्या बाजूला गेलो की डोक्यात हिशेब सुरू होतो, तो इथे मांडतो.

घरामागे शाळेच्या वयाचं एकच मूल धरा. झाली ३० हजार. शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक लागतो, सहावी ते आठवीला ३५ मागे एक. म्हणजे ढोबळमानाने हजार शिक्षक. घरासाठी आवास योजनेतून केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख आला. पैसा एकदाच आला, घर उभं राहिलं, फाईल मिटली. शाळेची फाईल मिटत नाही. हजार शिक्षणसेवक, म्हणजे मानधनावरचे नवे शिक्षक, महिना १६ हजारांवर घेतले तरी वर्षाला १९ कोटी २० लाख. तीन वर्षांनी ते कायम झाले की मूळ वेतनच २९,२०० आणि वर महागाई भत्ता.

आपल्याकडे गुंतवणूक म्हटलं की लोकांना इमारत दिसते. मला महिन्याच्या एक तारखेचा पगार दिसतो. कोठारी आयोगानं १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणाला द्या म्हणून सांगितलं, २०२० च्या धोरणानं तेच वाक्य परत लिहिलं. तिथवर आपण एकदाही पोचलेलो नाही. आधी ती सोय करा, नारळ मग फोडा.

सातरस्ता
भोंगासाहेब, हिशेब चोख, पण अर्धाच. मी लेखापरीक्षणात आयुष्य घालवलं, म्हणून दुसरी बाजू सांगतो. राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या शाळा २०२३ मध्ये १५ हजारांच्या आसपास होत्या. खोली आहे, गुरुजी आहेत, पोरं नाहीत. ही तुमची क्षमताच आहे की, फक्त चुकीच्या गावात पडून आहे. ती न हलवता नवीन पैसे मागणं म्हणजे भोकाच्या घागरीत पाणी ओतणं. आसपासच्या अशा छोट्या शाळा एकत्र करून समूह शाळा करा, उरलेले शिक्षक कुंभारीला आणा.

आणि दर्जा पैशानंच येतो असंही नाही. माढ्यातल्या परितेवाडीची शाळा बघा. जिल्हा परिषदेचीच ना? २०२० ला तिथल्या डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, पुस्तकातल्या क्यूआर कोडवर.

खडूफळा
सातरस्ता सर, डिसले गुरुजींचा अभिमान आम्हालाही आहे. पण एका गुरुजींवर धोरण आखता येत नाही हो. त्यांचं नाव घेऊन आम्हाला गप्प बसवायची आता फॅशनच झाली आहे.

मी जिल्हा परिषदेत २६ वर्षं शिकवलं. शेवटच्या शाळेचा पट ८० च्या घरात. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतून शाळा अनुदान वर्षाला २५ हजार. त्यात खडू, झाडू, हजेरीपट, माठ, रंग आणि वीजबिल. एका एप्रिलला बिल थकलं म्हणून वीज तोडली. टॅब कपाटात कुलूपबंद, पंखे बंद, पत्रा तापलेला. पोरांना घेऊन मी लिंबाखाली बसले. क्यूआर कोड होता पुस्तकात, मोबाईल चार्ज करायला मात्र पोरगा शेजारच्या पिठाच्या गिरणीत पाठवायचा. शेवटी आम्ही तिघींनी वर्गणी काढून बिल भरलं.

शाळा हलवायचं म्हणता, तर पहिलीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा हवी हाही त्याच कायद्यातला नियम. सांगोल्याकडे वस्तीवरची सहा वर्षांची पोरगी दोन ओढे ओलांडून समूह शाळेत जाईल, असं कागदावरच लिहिता येतं.

कडकभाकरी
काय बे, सगळे सरकारी शाळेवरच अडून बसलाव! खासगी शाळा आहेत की. शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के राखीव प्रवेशाला सरकार मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये देतंय. तोच पैसा पालकाच्या हातात द्या, तो शाळा निवडंल. माझा बाप मागावर होता, मी इंग्रजी शाळेत शिकलो, आज पुण्यात आहे.

मिलचा भोंगा
कडकभाकरी, बरं झालं आकडा काढलात. १७,६७० गुणिले ३० हजार, ५३ कोटी. आता कायम शिक्षक भत्त्यांसकट महिना ५० हजारांचा धरा: हजारांचे ६० कोटी. फार फरक नाही. म्हणजे खासगीत घातलं तरी रक्कम तेवढ्याच घरात जाते. शिवाय ती परतफेड थकली म्हणून संस्था दरसाल ओरडतात, ते वेगळंच. तेव्हा ‘पैसा लागत नाही’ हे खासगीवाल्यांनी तरी म्हणू नये.

सातरस्ता साहेब, तुमची घागर मान्य. रिकाम्या शाळांतून दोनशे शिक्षक निघतील असं समजू. उरलेल्या आठशेंचं काय?

सातरस्ता
दोन सत्रं भरवा. सकाळी निम्मी मुलं, दुपारी निम्मी. खोल्यांचा खर्च अर्धा.

खडूफळा
खोल्यांचा. शिक्षकांचा नाही. त्याच बाई सात वाजल्यापासून साडेपाचपर्यंत उभ्या ठेवणार का?

अशोकचौक
इतका वेळ नुसता वाचत होतो. तुम्ही सगळे डोकी मोजताय. माझ्या आईनं चाळीस वर्षं विड्या वळल्या, घरात तेलुगूच. पहिलीत मला तहान लागली तर मी ‘नीळ्ळु’ म्हणायचो आणि बाई माझ्याकडे नुसत्या बघायच्या. तिसऱ्या दिवशी मी शाळेत जायचं बंद केलं. वर्गात शेजारची पद्मा होती, ती हात वर करून ‘बाई, पाणी’ म्हणायला शिकवायला लागली तेव्हा परत गेलो. महापालिकेच्या तेलुगू, कन्नड, उर्दू शाळा होत्या म्हणून माझ्या बऱ्याच भावंडांचं निभावलं. तुमच्या हजार शिक्षकांत तेलुगू समजणारे किती? तो खर्च कुठल्या रकान्यात टाकणार?

आणि अजून एक. माझी मोठी बहीण सातवीत घरी बसली. शाळा भिंतीला भिंत लागून होती, फी नव्हती. आईच्या रोजच्या हजार विड्या एकटीनं पुऱ्या व्हायच्या नाहीत, म्हणून विड्या वळायचं सूप घेऊन तीही बसली.

कडकभाकरी
अण्णा, हे माझ्या आत्याचं पण तसंच झालंय.

सातरस्ता
अशोकचौक, याला माझ्याकडे उत्तर नाही. पण भोंगासाहेबांच्या ६० कोटींतही त्या सुपाची मजुरी धरलेली नाही, एवढं लिहून ठेवतो.

मिलचा भोंगा
नाही धरलेली. कुणाला हजार विड्यांचा आजचा दर माहीत असेल तर टाका, रात्री परत बसतो.